फुटाला अर्धा इंच

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात एका उभ्या ट्रकच्या फाळक्याला टेप लावून मी आकडे लिहून घेत होते, तेवढ्यात गाडीखालून एक डोकं बाहेर आलं.

"मावशी, आरटीओतनं आलाय का?"

"नाही."

"मग गाडी इकत घ्यायचीय?"

तेही नाही म्हटल्यावर तो सबंध बाहेर आला आणि हातांचं ग्रीस फडक्याला पुसत माझ्या वहीत डोकावला. मला ही गाडी घरी करायचीय, एवढी, असं म्हणून मी दोन हातांत फूटभर अंतर धरून दाखवलं. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. टेपचं दुसरं टोक उचलून मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "घ्या माप. पण नंबर माझ्याच गाडीचा टाका बरं का."

नंबर त्याच्याच गाडीचा टाकला. तो ट्रक आता धनकवडीत आमच्या टीव्हीच्या वरच्या फळीवर उभा आहे. मागच्या चाकाखाली वाटाण्याएवढा दगडही लावलाय, कारण आपल्याकडे हँडब्रेकवर पूर्ण भरवसा कोणी टाकत नाही.

मी बासष्ट वर्षांची निवृत्त ट्रेसर आहे. ट्रेसर म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. इंजिनिअर पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचे, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून शाईने ते उतरवायचं, मग त्याचे अमोनिया प्रिंट निघून खाली शॉपमध्ये जायचे. चिंचवडच्या एका कारखान्यात बरीच वर्षं हे केलं, पुढे कॉम्प्युटर आले, तेही शिकले. निवृत्तीनंतर मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या, कोणी चारधामला जाऊन आल्या. मी ट्रक करते. एकास चोवीस प्रमाणातले. आतापर्यंत अकरा झाले. त्यातले पहिले दोन धरायचे नाहीत.

"बाई असून ट्रक?" हा प्रश्न मला पाठ झालाय, त्याला उत्तर देत नाही. "याचा उपयोग काय?" यालाही नाही. पण माझी स्वतःची एक तक्रार आहे आणि ती या शहराशी आहे.

पुण्याला जपून ठेवायची हौस फार. केळकर संग्रहालयात अडकित्त्यापासून दिव्यापर्यंत सगळं आहे. विलास करंदीकरांचा भातुकलीचा संग्रह लोक रांगा लावून पाहतात. बोटभर उंचीचा पाटा-वरवंटा पाहून मोठमोठ्या बायका हळव्या होतात. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून सुरू आहे. भाऊ जोशी या एका माणसाच्या वेडातून ते उभं राहिलं. दिवे मालवून तिथल्या गाड्या धावायला लागल्या की सोबत आणलेल्या नातवापेक्षा आजोबाच पुढे सरकतात. म्हणजे लहान प्रमाणातल्या वस्तूंचं या गावाला वावडं नाही. रेल्वे आहे, भातुकली आहे. ट्रक मात्र कुठेच नाही.

आणि ट्रक तर आपणच केले! टेल्को, म्हणजे पुढची टाटा मोटर्स, १९६६ मध्ये पुण्यात आली, इथून पहिलं व्यापारी वाहन १९७७ मध्ये बाहेर पडलं. ४०७ आली १९८६ मध्ये आणि २००५ मध्ये तो छोटा हत्ती, टाटा एस. तिकडे आकुर्डीला बजाज टेम्पो. 'टेम्पो' हा शब्द आपण इतका घरचा करून टाकलाय की तो हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीचं नाव होतं हे सांगितलं तर सामान हलवणाऱ्यांना खरं वाटत नाही. पिंपरी-चिंचवडमधली हजारो घरं या गाड्यांवर चालली. आमचं माहेर आणि सासर, दोन्ही चाललं.

या शहरात मॉडेल ट्रकचा छंद असलेली माणसं नाहीत असं मुळीच नाही. चांगली आहेत, हाताला कसबही आहे. पण त्यांच्या कपाटात बघावं तर लांब नाकाचे अमेरिकन पीटरबिल्ट नाहीतर स्वीडनच्या स्कॅनिया. इटलीच्या इटालेरीचे एकास चोवीसचे किट, जपानच्या तामियाचे एकास चौदाचे रिमोटवर चालणारे ट्रक. सुंदर असतात, मी नाव ठेवणार नाही. तामियाची गोष्ट तर मला फारच आवडते. १९४६ मध्ये शिझुओका गावात ती लाकडाची वखार म्हणून सुरू झाली, १९५१ मध्ये आगीत माल जळाला आणि मग ते पूर्णपणे लाकडाच्या छोट्या मॉडेलांकडे वळले. आपल्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून असं काही निघालं असतं, तर मी आज हा लेख लिहीत बसले नसते.

हे किट महागही फार. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर, आणि जकातीच्या पुस्तकात लहान प्रमाणातली मॉडेलं खेळण्यांच्याच सदरात येतात. छंदवाले यावर तळतळतात. मला त्यात फारसं दुःख नाही. कारण मूळ अडचण पैशांची नाहीच. पीटरबिल्टचं किट उद्या फुकट दिलं तरी ते जोडताना मला त्यातलं काही आठवणार नाही. त्या ट्रकला फाळका नाही, ताडपत्री बांधायचे हूक नाहीत, केबिनमागे क्लीनरची वळकटी नाही. मी तो रस्त्यावर कधी पाहिला नाही, त्याच्या मागे घाटात तास-दीड तास अडकलेले नाही. जे पाहिलंच नाही ते हुबेहूब झालं की नाही, कसं ठरवणार? डब्यावरचं चित्र बघून?

मला ट्रक लहानपणापासून माहीत आहेत ते अर्धेमुर्धे. आमचे अण्णा सुतार होते, गाड्यांच्या बॉडी बांधायचे. टिंबर मार्केटच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती. कारखान्यातून ट्रक निघायचा तो नुसता सांगाडा: दोन लांब चॅनेल, चार-सहा चाकं, इंजिन, आणि पुढे फक्त तोंड, म्हणजे बॉनेट आणि काउल. केबिन नाही, दार नाही, काच नाही. ड्रायव्हर फळकुटाच्या खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, डोळ्यांवर गॉगल लावून तो तसाच उघडावाघडा शेडपर्यंत हाकत आणायचा. पावसाळ्यात तर त्याची दया यायची. आई आधी त्याला चहा द्यायची, मग अण्णा चेसीकडे वळायचे.

अण्णा त्या प्रत्येक गाडीला 'मर्शिडी' म्हणायचे. त्याला कारण होतं. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझबरोबर करार करून ट्रक काढायला सुरुवात केली, तेव्हा तोंडावर तीन पाकळ्यांचा तारा असायचा. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला, तिथे 'टी' आला. अण्णांच्या तोंडातली मर्शिडी मात्र अण्णांबरोबरच गेली.

मग कामाला सुरुवात. खाली ऐनाचे आडवे, त्यावर फळ्या, बाजूला फाळके, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या. केबिन तर सबंध लाकडाची, वरून पत्रा. मालक सांगेल तसं. साखर कारखान्याच्या वाहतुकीला एक तऱ्हा, मार्केट यार्डाच्या भाजीला दुसरी, वीटभट्टीला तिसरी. कोणाला केबिनवर सामानासाठी 'कॅरियर' उंच हवा, कोणाला ड्रायव्हरच्या पाठीमागे झोपायला फळी. देवाचा कोनाडा सगळ्यांनाच. परदेशात मॉडेल घेऊन त्यात आपल्या मनासारखे फेरफार करणं हा छंदातला वरचा वर्ग समजतात. आमच्या शेडमध्ये तो रोजचा धंदा होता. एक ट्रक दुसऱ्यासारखा निघाला असता तर अण्णांनाच चुकल्यासारखं वाटलं असतं.

आता मुद्दा ऐका. अण्णांच्या शेडमध्ये गुण्या होता, रंधा होता, पटाश्या होत्या, कानावर पेन्सिल होती. ड्रॉइंग नव्हतं. एकसुद्धा नाही. मी आयटीआयला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला गेले तेव्हा मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, "अण्णा, तुमच्या केबिनचं ड्रॉइंग काढून देते." ते म्हणाले, "कशाला? मी विसरलोय का?" चेसीचं ड्रॉइंग कारखान्यात असणार, अगदी नटबोल्टाच्या आट्यापर्यंत असणार. पण ज्या अर्ध्या भागामुळे तो ट्रक आपला वाटतो तो भाग सुतारांच्या, पत्रेवाल्यांच्या आणि पेंटरांच्या डोक्यात होता. ती माणसं गेली, लाकूड चुलीत गेलं, पत्रा भंगारात. कागद मुळात नव्हताच. माझी सगळी धडपड एवढ्यासाठी आहे.

प्रमाण एकास चोवीसच का, हे मला पुष्कळजण विचारतात. अण्णांची टेप फूट-इंचांची. एकास चोवीस म्हणजे फुटाला अर्धा इंच. सतरा फुटी बॉडी साडेआठ इंची होते, सात फूट रुंदी साडेतीन इंच, साडेपाच फुटांचा ड्रायव्हर पावणेतीन इंच. गणित करायलाच नको, निम्मं करा आणि फुटाच्या जागी इंच म्हणा. अमेरिकन किट बरेचसे एकास पंचवीसचे असतात, ते मला कधीच झेपलं नाही. प्रमाण एकदा धरलं की मग घरात कोणाशी तडजोड नाही. दिवाळीच्या किल्ल्यात आपण पोरांना नेमकी उलटी सवय लावतो: कुंभारवाड्यातून आणलेला मावळा महादरवाज्याहून उंच, त्याच्या शेजारी त्याच्याएवढा वाघ आणि पायथ्याला हेलिकॉप्टर. मजा असते, मीही केलेत असले किल्ले. पण फळीवर ट्रक ठेवला की मावळ्यालाही फुटाला अर्धा इंच हाच कायदा.

माझा पहिला ट्रक कसा झाला ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाची सामग्री वाचेल. भाची आर्किटेक्चरला होती, तिच्याकडे सनबोर्डचे तुकडे ढिगाने. तीन मिलिमीटरचा सनबोर्ड कापून फाळके केले, रंग दिला, लांबून बघितलं तर ट्रक हत्तीरोग झाल्यासारखा सुजलेला. चूक कळायला दोन दिवस गेले. तीन मिलिमीटर गुणिले चोवीस म्हणजे बहात्तर, जवळजवळ तीन इंच जाडीची फळी. खरी फळी असते इंचभर. म्हणजे मला हवा होता एक मिलिमीटर. आइस्क्रीमच्या काड्याही जाड पडतात. शेवटी टिंबर मार्केटमध्येच एका प्लायवूडच्या दुकानात विनिअरची कात्रणं मिळाली, दोन थर चिकटवले की बरोबर फळी. दुकानदाराने पैसे घेतले नाहीत, "ताई, हे आम्ही झाडून टाकतो" म्हणाला. ज्या गल्लीत अण्णा लाकूड घ्यायचे त्याच गल्लीतून मी लाकूड आणते, एवढंच की माझं पर्समध्ये मावतं.

दुसऱ्या ट्रकवर कांद्याची पोती थर्माकोलची केली आणि वरून स्प्रे मारला. डोळ्यांदेखत पोती विरघळली. स्प्रेमधलं द्रव्य थर्माकोल खातं, हे मला ठाऊक नव्हतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. त्याच गाडीच्या खिडकीच्या काचा फेविक्विकने बसवल्या, तर सकाळी काचेवर पांढरं धुकं. आमचे हे म्हणाले, "लोणावळ्याला पोचली वाटतं."

आता पोती शाडूची करते. पन्नास किलोचं पोतं साधारण तीन फूट, म्हणजे दीड इंच. शाडूचा लाडू थोडा लांबट वळायचा, ओला असतानाच जुन्या गाळण्याचं फडकं त्यावर दाबायचं की बारदानाची वीण उमटते. तोंडाशी चिमटीने दोन कान काढायचे, सुतळीच्या जागी शिवणाचा दोरा. मग एकावर एक रचायची, पण ओली असतानाच, कारण खरं पोतं खालच्या पोत्यावर बसकण मारतं, चौकोनी विटेसारखं राहत नाही. हे एक जमलं की बघणारा बोट लावून बघतो. शहाण्णव पोती केली. खालचे थर मात्र थर्माकोलच्या खोक्याचे, आतून पोकळ. मार्केट यार्डात असा माल उतरवला असता तर अडत्याने मला उभं केलं नसतं.

बाकीचं सामान सगळं पेठांत मिळतं आणि ते शोधणं हा अर्धा छंद. टायर हा सगळ्यात अवघड मामला. नऊशे-वीसचा टायर म्हणजे सुमारे चाळीस इंच उंच, आपल्याला हवा बेचाळीस मिलिमीटरचा. हवाई चपलेचे तळवे गोल कापून एकावर एक चिकटवते, ड्रिल मशिनला लावून फिरवते आणि पॉलिश पेपरने घासते. खेड्यातली पोरं चपलेची चाकं करून तारेच्या गाड्या पळवतात, तीच विद्या. खऱ्या ट्रकच्या मागे दृष्ट लागू नये म्हणून जुनी चप्पल टांगतात, माझा ट्रक चपलांवरच चालतो.

हेडलाइट सात इंची, म्हणजे साडेसात मिलिमीटर: रविवार पेठेत भरतकामाचे आरसे मिळतात त्यातला मधला आकार. मागचे लाल रिफ्लेक्टर म्हणजे तुळशीबागेतली सगळ्यात बारीक टिकली. आजवर एकाही पुरुष छंदवाल्याला हे सुचलेलं नाही, याची मला थोडी घमेंड आहे. दिव्यांसाठी बुधवार पेठेत तापकीर गल्ली. काउंटरवरच्या मुलाला तीन मिलिमीटरचे एलईडी मागितले की तो विचारतो, "कॉलेजचा प्रोजेक्ट का, काकू?" मी हो म्हणते. सायलेन्सरचा पाइप छत्रीच्या काडीचा, पाटे जुन्या घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्याचे. ही खरेदी रविवारी नाहीतर बुधवारी, जुन्या बाजारात.

जोडांसाठी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. ही युक्ती अरविंद गुप्तांची. आयआयटी कानपूरहून निघून हे गृहस्थ पुण्याच्या टेल्कोत ट्रक करत होते. १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशात होशंगाबादला मुलांना विज्ञान शिकवण्याच्या प्रयोगात गेले आणि तिथे काडेपेटीच्या काड्या नि व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून खेळणी करायला लागले. पुढे पुण्यातल्या 'आयुका' या संशोधन संस्थेत बरीच वर्षं मुलांसाठी तेच केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ट्रक सोडून काड्यांकडे गेलेला माणूस. मी त्याच्या काड्या घेऊन ट्रककडे परत आले.

रंगाचं मात्र थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण तिथेच बहुतेक मॉडेलं फसतात. नॅशनल परमिटच्या ट्रकचा तो सुकलेल्या पानासारखा तपकिरी रंग आठवतो? तो कोणाची आवड म्हणून नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं होतं: सुक्या पानाचा तपकिरी, भोवती तीस सेंटिमीटरची पांढरी कड, आणि दोन्ही बाजूंना साठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात परमिटची खूण. साठ सेंटिमीटर भागिले चोवीस म्हणजे पंचवीस मिलिमीटर. जुना स्टीलचा एक रुपया काढा आणि मोजा: बरोबर पंचवीस. ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवशी मी रुपया फाळक्यावर ठेवून पेन्सिल फिरवली आणि एकटीच हसत बसले. कड साडेबारा मिलिमीटरची हवी, मास्किंग टेप बाराची मिळते. अर्धा मिलिमीटर मी सोडून दिला.

अक्षरं हाताने काढायची. स्टिकर छापून आणणारे आहेत, त्यांना मी दोष देत नाही, पण कॉम्प्युटरचं 'श्री' आणि पेंटरचं 'श्री' यात फरक आहे. पेंटर ब्रश उचलताना शेवटी एक छोटा झटका देतो, वेलांटीला पक्ष्याच्या शेपटीसारखं टोक येतं. 'हॉर्न ओके प्लीज' या तीन शब्दांवर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ मध्ये बंदी आणली, म्हणून माझ्या नव्या गाड्यांवर ते नाहीत आणि जुन्यांवर आहेत. कालगणनेला शिस्त हवी. नंतर मळ. नवशिके सगळीकडे सारखी धूळ फासतात. चिखल चाकाच्या मागे उडतो, मडगार्डाच्या आतून खाली ओघळतो. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली काळा डाग. ड्रायव्हरच्या दाराचा रंग कोपर टेकून टेकून गेलेला. गंजासाठी कुंड्यांना लावतात तो गेरू चाळून घ्यायचा. सोलापूर रस्त्याने येणाऱ्या गाडीला काळी माती, कोकणातून वर आलेल्या गाडीला तांबडी. एका मॉडेलचा सगळा खर्च सहाशे रुपयांच्या आत, वेळ चार महिने.

जुनं ते सोनं असं म्हणायला मी बसलेले नाही. अण्णांच्या केबिनमध्ये उन्हाळ्यात इंजिन ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून बसायचं. धडक झाली तर लाकूड काय वाचवणार? १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे फार पूर्वीच व्हायला हवं होतं. केबिन कारखान्यातून तयार येते, माणूस सुखाने बसतो, उत्तम. पण याचा अर्थ सुताराच्या केबिनचा काळ संपला, आणि २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानंतर उरलेसुरले जुने ट्रक लवकर जातील. जावेत, धूर ओकतात. फक्त जाण्याआधी कोणीतरी त्यांची मापं घ्यावीत, एवढंच माझं म्हणणं. आणि ज्या कारखान्यांनी हे ट्रक घडवले त्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या चेसीची बाहेरची तीन दृश्यं, समोरून, बाजूने, वरून, लोकांसाठी खुली करावीत. त्यात आता कोणतं गुपित राहिलंय? एखाद्या पोराने त्यावरून जुना १२१० ट्रक केला तर धंदा बुडणार नाही.

पोरांवरून आठवलं. शाळेच्या पाचवी-सहावीच्या मुलांना 'वाहतुकीची साधने' यावर मॉडेल करायला सांगतात आणि आईबाप संध्याकाळी दुकानात जाऊन तयार मॉडेल विकत आणतात. पारदर्शक पिशवीत, किमतीच्या चिठ्ठीसकट. आमच्या सोसायटीतल्या एका आईने मला विचारलं, "काकू, तुमच्यातला एक ट्रक द्याल का, उद्या सबमिशन आहे." मी म्हटलं, देत नाही, मुलाला पाठव. आला. तीन रविवार आला. त्याने छोटा हत्ती केला, दार वाकडं आहे, एक चाक जमिनीला टेकत नाही. शाळेत त्याला दुकानातल्या मॉडेलपेक्षा कमी मार्क पडले. शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, गोंदाचे डाग असलेल्या मॉडेलला दोन मार्क जास्त द्या. मुलगा मात्र चौथ्या रविवारीही आला, फाळका उघडझाक करणारा हवाय म्हणून.

या सगळ्यात मला एक गोष्ट अजून जमलेली नाही. अण्णा प्रत्येक बॉडीवर, डाव्या बाजूला चाकाच्या वर, पत्र्याची एक पट्टी ठोकायचे: शेडचं नाव आणि 'पुणे २'. माझ्या प्रमाणात ती पट्टी होते सहा मिलिमीटरची. तिच्यावर अक्षरं मावत नाहीत. भिंग लावून, दोन केसांचा ब्रश करून बघितलं. सध्या तिथे नुसती एक पांढरी रेघ आहे.

तर ज्यांच्या गावात, वाड्यामागे, वीटभट्टीवर किंवा कोणाच्या शेताच्या बांधाला लाकडी केबिनचा जुना ट्रक उभा असेल, चालत नसला तरी चालेल, त्यांनी तो भंगारवाल्याला देण्याआधी एक टेप आणि वही घ्यावी. केबिनची उंची, रुंदी, दाराची रुंदी, काच कुठून सुरू होते, फाळक्याच्या किती फळ्या आणि प्रत्येकीची रुंदी, हूक किती नि किती अंतरावर, देवाचा कोनाडा कुठे. चारही बाजूंनी फोटो काढावेत आणि एकदा तरी टेप फोटोत दिसू द्यावी. आकडे फूट-इंचात लिहावेत. बॉडी बांधणाऱ्याची पत्र्याची पट्टी शिल्लक असेल तर ती आधी काढून ठेवा, भंगारवाला तिचे वेगळे पैसे देत नाही.